गावात गुणिजनांचा पथ उभारताना

गावातल्या गुणी माणसांच्या नावांच्या दगडी पाट्या रस्त्याकडेला ओळीने लावायच्या, तो गुणिजनांचा पथ. हॉलिवूडमध्ये कलाकारांच्या नावांचे तारे फुटपाथमध्येच बसवलेले आहेत. आपलं नाव तुडवलं जाऊ नये म्हणून मुष्टियोद्धे मुहम्मद अलींचा तारा मात्र भिंतीवर लावला गेला. आपल्याकडे तर जमिनीवरच्या नावाला पाय लागलेला कुणालाच खपणार नाही. पंढरीची पायरी नामदेवांनी स्वतः मागून घेतली होती; तुमच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी तसं काही मागितलेलं नाही. त्यामुळे पाट्या कमरेच्या उंचीवर हव्यात.

जागा ग्रामपंचायतीच्या ताब्यातल्या रस्त्याकडेची घ्या. शाळा ते चावडी असा दीडदोनशे मीटरचा पट्टा पुरतो. रस्ता जिल्हा परिषदेचा किंवा बांधकाम खात्याचा असेल तर आधी लेखी ना हरकत घ्या, कारण रुंदीकरणात पहिला बळी पाट्यांचाच जातो.

खरी कसोटी यादीची. नावं नंतर, नियम आधी. आणि ते ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्या. गावाशी नातं किती वर्षांचं हवं, कामाचा पुरावा कोणता चालेल, नाव काढायची वेळ आली तर कोण ठरवणार, हे सगळं त्यात यावं. सध्या पदावर असलेले आणि निवडणुकीला उभे राहणारे सरळ वगळा. पहिल्या वर्षी पाचच नावं, पुढे दरवर्षी दोन. एकदम पंचवीस लावली तर राहिलेल्यांची भांडणं तेवढी उरतात. नावं मागवली की साहेब झालेल्यांचीच रांग लागते. म्हणून वस्तीवस्तीवर जाऊन विचारा: बाळंतपणं कुणी केली, तालमीत पोरं कुणी घडवली, ढोलकी कुणाची गाजायची, विहिरी कुणी बांधल्या? पहिला मसुदा तयार झाला की आडनावं आणि आळ्या मोजा. सगळी एकाच आळीची निघाली तर पुन्हा फिरा. बाईचं नाव माहेरचं लावायचं की सासरचं, ते तिलाच विचारा, ती नसेल तर घरच्यांना.

मजकूर तीस शब्दांत बसवा. ‘शिक्षणमहर्षी, थोर समाजसेवक’ यातून काहीच कळत नाही. ‘वस्तीवरच्या मुलांसाठी रात्रीची शाळा चालवली’ यातून माणूस दिसतो.

दगड काळा ग्रॅनाइट, 60 बाय 40 सेंटिमीटर, 20 मिलिमीटर जाड. नावाची अक्षरं 40 मिलिमीटर उंच, मजकुराची 15. कोरीव खोली दोन ते तीन मिलिमीटर, आत पांढरा रंग. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. कोरणाऱ्याच्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसेल तर रफार भलत्याच अक्षरावर बसतो, पहिली वेलांटी मागेपुढे होते, जोडाक्षरं सुटतात. फाइल देण्याआधी अक्षरांचं आउटलाइनमध्ये, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या नुसत्या आकारांत, रूपांतर करून घ्या. मग खऱ्या मापाचा कागदी नमुना काढा, दोघांकडून मोठ्याने वाचून घ्या (एक जण त्या घरातला असावा) आणि त्यावर सही घ्या. कोरलेला अनुस्वार खोडता येत नाही.

पाटी बसवायचा चौथरा पुढून 75, मागून 100 सेंटिमीटर उंच ठेवा. उतारामुळे पाणी थांबत नाही आणि उभ्या माणसाला वाचायला फारसं वाकावं लागत नाही. मुरमाड जमिनीत 45 सेंटिमीटर पाया पुरतो. काळ्या मातीत 90 सेंटिमीटर खोदून खाली मुरूम ठोकून भरा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि चौथरा कलतो. पाटीची फरशी साधारण 13 किलोची असते. नुसत्या सिमेंटवर बसवली तर ती कधी ना कधी सुटते. स्टेनलेस स्टीलच्या 8 मिलिमीटरच्या दोन खुंट्या आणि दगड चिकटवायचा इपॉक्सी वापरा. खुंटीचं भोक मागून 12 मिलिमीटर खोलच पाडा, आरपार गेलं तर फरशी वाया. बांधकाम थंडीत करा आणि निदान सात दिवस पाणी मारा.

अनावरणाला गावची जत्रा बरी, मुंबई-पुण्याची मंडळी आलेली असतात. आचारसंहितेचा काळ टाळा. ‘यांच्या शुभहस्ते’ आणि देणगीदारांची नावं ग्रामपंचायतीत वेगळ्या फलकावर लावा; कोनशिलांवर बघा, उद्‌घाटकाचंच नाव सगळ्यात ठसठशीत असतं.

पावसाळ्याआधी आणि दिवाळीच्या सुमारास साधं पाणी आणि नायलॉनचा ब्रश, बस. ॲसिड लावू नका. सांध्यातलं सिमेंट खाल्लं जातं आणि अक्षरांतला रंग निघतो. धुण्याचं आणि रंग भरण्याचं काम कुणाचं, तेही त्याच ठरावात नोंदवून ठेवा.