जळगावच्या उन्हात ड्रॅग कारला गार हवा

ड्रॅग म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या शर्यतीसाठी घरी बांधलेल्या मसल कारला (मोठ्या इंजिनाच्या ताकदवान गाडीला) मोठा कार्ब्युरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग, बसवण्याआधी ती हवा कुठून ओढते ते बघा. 15 अंशांच्या पहाटेपेक्षा मे महिन्यातल्या 45 अंशांत हवा सुमारे 9 टक्के विरळ असते, त्यामुळे ताकदही उतरते. त्यात बॉनेटखाली उघडा फिल्टर म्हणजे इंजिनाचीच तापलेली हवा पुन्हा आत. फिल्टरभोवती पत्र्याचा बंद डबा करा, कडेला रबर लावा आणि पाइपचं तोंड रेडिएटरच्या पुढे काढा. फिल्टर काढून मात्र कधीच पळवू नका; आपल्याकडची काळ्या मातीची धूळ सिलिंडर खरवडते. नंतर जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र, पुन्हा तपासा; गार हवेला पेट्रोल जास्त लागतं. आणि 402 मीटरची ड्रॅग धाव फक्त परवानगीच्या बंद ट्रॅकवर. सार्वजनिक रस्त्यावर नाहीच.