वेट स्क्रबर निवडताना या चुका टाळा: चिकट आणि पेट घेणाऱ्या धुळीसाठी

गोव्यात जून लागला की बॅग फिल्टरवाल्यांच्या, म्हणजे कापडी पिशव्यांतून हवा गाळून धूळ पकडणाऱ्यांच्या, तक्रारी सुरू होतात. हवेत ओल इतकी की पिशव्यांवरची धूळ झटकली तरी पडत नाही, तिचा लेप बसतो. मग कुणीतरी म्हणतं, "त्यापेक्षा वेट स्क्रबरच बसवूया." म्हणजे कारखान्याची धुळकट हवा पाण्यातून नेऊन धुणारं यंत्र. विचार वाईट नाही. चिकट, ओल धरणारी किंवा ठिणगीने पेटणारी धूळ पाण्यात पकडणं बऱ्याचदा शहाणपणाचंच असतं. पण वेर्णा, कुंडई, बेतोडा, कुंकळ्ळी, कुठल्याही वसाहतीत जा, स्क्रबर निवडलेला असतो तो सीएफएमवर (मिनिटाला किती घनफूट हवा ओढतो त्यावर) आणि कोटेशनच्या तळच्या आकड्यावर. आपली धूळ पाण्यात पडल्यावर करते काय, हे यंत्र येऊन उभं राहीपर्यंत कुणी विचारलेलं नसतं.

धूळ पाण्यात न टाकताच स्क्रबर घेणं

माझ्याकडे चौकशी आली की मी आधी नमुना मागतो. काचेची बरणी, त्यात त्यांच्याच नळाचं पाणी, वर चमचाभर धूळ. झाकण लावायचं नाही आणि बरणी रात्रभर मोकळ्या हवेत, आगीपासून लांब ठेवायची. सकाळी निम्मी उत्तरं तिथेच मिळतात. काजळी किंवा मेणचट पावडर वरच तरंगत असेल, तर नुसत्या फवाऱ्याने ती पकडली जाणार नाही. पाण्यात वेटिंग एजंट (धूळ भिजायला मदत करणारं, साबणासारखं रसायन) घालावा लागेल आणि तोही बेताने, नाहीतर फेस थेट फॅनपर्यंत चढतो. तळाशी दगड झाला असेल (सिमेंट, प्लास्टर ऑफ पॅरिस), तर स्क्रबरचा नाद सोडा. सगळी विरघळली असेल, तर गाळ काढायचा प्रश्न मिटला, पण ते पाणी ईटीपीला (कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेला) झेपेल का ते बघा. आणि बुडबुडे दिसले, तर पुढचा भाग दोनदा वाचा.

कॅल्शियम कार्बाइडची शंका असेल तर मात्र हा प्रयोगसुद्धा करू नका. पाणी लागताच त्यातून ॲसिटिलीन सुटतो.

एवढ्याशा प्रयोगाचाही लोकांना कंटाळा येतो. "दुसऱ्या फॅक्टरीत हाच मॉडेल चालतोय" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता त्यावर काही बोलत नाही. दुसऱ्या फॅक्टरीतली धूळ तुमची नसते.

ॲल्युमिनियमचा गाळ बंद टाकीत ठेवणं

पाण्यात गेली म्हणजे धूळ निरुपद्रवी झाली, हा गैरसमज मला सगळ्यात जास्त छळतो. ॲल्युमिनियमच्या कणावर ऑक्साइडचा पातळ थर असतो, तोवर ठीक. बफिंगमधून (फिरत्या चाकावर धातू घासून चकाकी आणताना) निघालेल्या ताज्या, बारीक धुळीत धातूचा उघडा पृष्ठभाग भरपूर असतो आणि पाण्याशी त्याची प्रक्रिया होऊन हायड्रोजन सुटत राहतो. मॅग्नेशियमचं तर विचारूच नका. हायड्रोजनला ना वास, ना रंग. हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं की एक ठिणगी पुरते.

फोंडा तालुक्यातल्या एका पॉलिशिंग युनिटमधली गोष्ट. चवथीची सुट्टी तोंडावर आलेली. स्क्रबरच्या टाकीत गाळ तसाच, आणि पॉलिशच्या मेणामुळे पाण्याला घाण वास सुटलेला. सुपरवायझरने वास मारायला त्यात धुण्याचा सोडा ओतला. शिवाय डास होतात म्हणून आरोग्य खात्याची माणसं साठलेलं पाणी तपासत फिरत होती, म्हणून रबरी गॅस्केट टाकून झाकण क्लॅम्पने घट्ट आवळलं. स्वच्छतेच्या दृष्टीने अगदी आदर्श काम. पण सोड्याने पाणी अल्कधर्मी झालं आणि अल्कधर्मी पाणी त्याच ऑक्साइडच्या थराला खातं. फॅन बंद, झाकण बंद, वायू जाणार कुठे?

सुट्टी संपल्यावर एक क्लॅम्प गंजून अडकलेला निघाला. फिटरने तो कापायला ग्राइंडर लावला. झाकण उडून थेट छपराच्या पत्र्यावर आपटलं. फिटर बाजूला उकिडवा बसला होता म्हणून भुवया आणि पुढचे केस जाण्यावर निभावलं, टाकीवर वाकलेला असता तर ही गोष्ट मी अशी सांगत बसलो नसतो. मी पोचलो तेव्हा मालक टाकीत डोकावून तेच तेच विचारत होते, "पात्रांव, पाण्याला आग लागतेच कशी?"

यावर मी सांगतो त्या गोष्टी कुठल्याही मॅन्युअलपेक्षा कमी आहेत, पण त्यांत सूट देत नाही. टाकीच्या सर्वांत उंच जागेवरून छपराच्या वर जाणारी व्हेंट (वायू बाहेर सोडणारी नळी) हवी, फॅन बंद असतानाही उघडी राहणारी. डास नकोत तर तिच्या तोंडाला जाळी लावा, बूच नको. गाळ रोज काढायचा, सुट्टीच्या आदल्या दिवशी टाकी पूर्ण रिकामी. काढलेला गाळ घट्ट झाकणाच्या पिंपात भरायचा नाही, तो पाण्यात बुडालेलाच, मोकळ्या हवेच्या शेडखाली ठेवायचा. शिफ्ट सुरू करताना आधी फॅन, मग बफिंग. पाण्याची पातळी उतरली की बफिंग मशीन आपोआप थांबलंच पाहिजे. ही वायरिंग "नंतर करू" म्हणणाऱ्याच्या यंत्रावर मी सही करत नाही. सोडा, कॉस्टिक, ब्लीचिंग पावडर यांतलं काहीही विचारल्याशिवाय पाण्यात जाता कामा नये.

आणखी एक. ही धूळ पूर्ण बुडालेली असली की पाणी उष्णता वाहून नेतं. नुसती दमट असली की ढिगाच्या आत उष्णता कोंडते, आणि हीच अवस्था सगळ्यात वाईट. चीनमधल्या कुनशानला ऑगस्ट २०१४ मध्ये ॲल्युमिनियमची चाकं पॉलिश करणाऱ्या कारखान्यात स्फोट होऊन १४६ माणसं गेली. तिथली यंत्रणा कोरडी होती, पण धुळीच्या पिंपात पाणी शिरलं आणि ओलसर धूळ आतल्या आत तापून पेटली, असं तपासात निघालं. आपल्याकडच्या पावसात गळक्या पत्र्याखाली ठेवलेलं पिंप आठवा.

त्याच ओघात: लोखंडाचं ग्राइंडिंग आणि ॲल्युमिनियमचं बफिंग एकाच स्क्रबरला जोडू नका. एकाची ठिणगी, दुसऱ्याची धूळ, आणि गंज व ॲल्युमिनियम एकत्र आले की थर्मिट होतं. रेल्वेचे रूळ ज्याने जोडतात तेच.

स्क्रबर ओला आहे म्हणून डक्ट विसरणं

स्क्रबरपर्यंतची सगळी वाट कोरडीच असते. तिथे साठलेली धूळ पेट घेऊ शकते. डक्ट आखूड ठेवा, धातूचा ठेवा, अर्थिंग करा आणि आत हवेचा वेग सेकंदाला २० मीटरच्या आसपास राहील असं माप घ्या. स्वस्त म्हणून पीव्हीसी पाइप ओढणाऱ्याला स्थिर वीज काय करते ते समजावून थकलोय.

कोरड्या-ओल्याची सीमा न ओळखणं

चिकट धुळीत ही चूक हमखास होते. कोरडी हवा जिथे पहिल्यांदा ओल्या भिंतीला भिडते, नेमकं तिथेच धूळ बसते. पूर्ण ओली भिंत स्वतःला धुऊन काढते, पूर्ण कोरड्या भिंतीला फारसं काही चिकटत नाही. मधली टीचभर जागा, जिला फक्त शिंतोडे लागतात, ती वाढत जाते.

साखर दळणाऱ्या एका ठिकाणी मी इनलेटचं दार उघडलं तेव्हा आत तपकिरी, काचेसारखं कडक कडं तयार झालेलं होतं. मधलं भोक जेमतेम हात जाईल एवढं. खाली टाकीत पातळ काकवी आणि तिला आंबूस वास. ओढ कमी झाली म्हणून या मंडळींनी तोवर काय केलं होतं? मोठा फॅन घेतला होता! फॅन नवा, बिल नवं, कडं जुनंच.

इनलेट वरून खाली उतरता असावा आणि त्याच्या आतल्या भिंतीवरून चहूबाजूंनी पाण्याचा अखंड पडदा वाहावा, म्हणजे दमट पट्टाच उरत नाही. तिथे हात घालता येईल असं दार हवं, बोल्टचं नको, हँडलचं. आणि स्क्रबरच्या आधी व नंतर टोचलेला साधा यू-ट्यूब मॅनोमीटर, म्हणजे दोन्हीकडच्या दाबातला फरक दाखवणारी यू आकाराची पाण्याची नळी. डिजिटल गेजपेक्षा माझा त्याच्यावर विश्वास जास्त. रोज सकाळी आकडा वहीत लिहा. तो हळूहळू चढत असेल तर कडं धरतंय. साखर, स्टार्च असेल तर पाणी आंबायच्या आत बदला, वास आल्यावर नव्हे.

काजूच्या टरफलांवर चालणाऱ्या बॉयलरवाल्यांना वेगळं सांगतो. टरफलाचं तेल धुरात येतं आणि थंड झालं की डांबरासारखं बसतं. ते पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं. टाकीला वरून तवंग काढायची सोय नसेल तर तोच पंपातून नोझलमध्ये जाऊन बसतो.

बारीक धुळीला स्वस्त टॉवर लावणं

साधा स्प्रे टॉवर जाड धूळ पकडतो. मायक्रॉनच्या (मिलीमीटरच्या हजाराव्या भागाच्या) खालचा धूर, म्हणजे भट्टीचा किंवा वेल्डिंगचा, त्याच्या हातून निसटतो. त्याला व्हेंचुरी (अरुंद गळ्यातून हवा आणि पाणी वेगाने नेणारा स्क्रबर) लागते, आणि व्हेंचुरीला वीज. तासाला १०,००० घनमीटर हवा १५० मिलीमीटर पाण्याच्या प्रेशर ड्रॉपवर (स्क्रबरमधून जाताना हवेचा दाब जेवढा घटतो त्यावर) ओढायला ६० टक्के कार्यक्षमतेच्या फॅनला साधारण ७ किलोवॉट लागतात, ८०० मिलीमीटरवर ३६. हा हिशोब खरेदीच्या टेबलावर मांडा, पहिलं बिल आल्यावर नको.

बाकीच्या, थोडक्यात

मिस्ट एलिमिनेटरचे (हवेतले पाण्याचे थेंब अडवणाऱ्या भागाचे) पैसे वाचवू नका. थेंब फॅनपर्यंत गेले की इम्पेलरवर (फॅनच्या फिरत्या पात्यांवर) गाळ चिकटतो, तोल जातो आणि बेअरिंग बोलायला लागतं.

किनारपट्टीच्या बोअरचं पाणी खारट निघू शकतं. तेच पाणी फिरवत राहिलात की बाष्पीभवनाने क्लोराइड वाढत जातं आणि ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलला भोकं पडतात. ३१६ घ्या किंवा एफआरपी (काचतंतूंचं प्लास्टिक), आणि ब्लोडाउन (फिरत्या पाण्यातलं थोडं सतत काढून टाकणं) बंद करून पाणी वाचवल्याचं समाधान मानू नका. मे महिन्यात टँकरवर चालणाऱ्या युनिटने तर रोज किती पाणी उडून जाणार, ते ऑर्डरच्या आधीच विचारावं.

बारीक छिद्रांची नोझल गढूळ पाण्यावर लावू नका.

धुळीबरोबर आम्लाची वाफ येत असेल तर पाण्याचा पीएच मोजा, माइल्ड स्टीलची टाकी वर्षही काढणार नाही.

गाळ कुठे जाणार हे कन्सेंटच्या (प्रदूषण मंडळाच्या परवानगीच्या) अर्जात लिहिण्यापुरतं ठरवू नका. घातक कचऱ्यात मोडत असेल तर तो अधिकृत ठिकाणीच जायला हवा. पावसात ओहोळात सोडलेला गाळ कुणाच्या शेतात उतरतो, हे खाणपट्ट्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही.

आणि विक्रेता "९९ टक्के कार्यक्षमता" म्हणाला की कागदावर तीन गोष्टी लिहून मागा: किती मायक्रॉनच्या कणांवर, किती प्रेशर ड्रॉपला, आणि चिमणीतून घनमीटरमागे किती मिलीग्रॅम. लिहून देणारे असतात. जो कॅटलॉगचं पान उलटून रंगीत फोटो दाखवायला लागतो, त्याला चहा पाजून वाटेला लावा.