क्वेरीपासून वाक्यवृक्षापर्यंत : नव्याने शिकणाऱ्यांसाठी

पर्वरीतल्या आमच्या कार्यालयात मासळीबाजारातील दरांच्या नोंदींसाठी एक छोटी क्वेरी भाषा, म्हणजे साठवलेल्या माहितीला प्रश्न विचारण्याची भाषा, वापरली जाते. तिचा पार्सर, म्हणजे क्वेरीचा मजकूर वाचून तिची रचना दाखवणारा वाक्यवृक्ष बांधणारा प्रोग्राम, मी लिहिला आणि आता फर्मागुडीहून प्रशिक्षणासाठी येणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना तेच काम शिकवतो. त्यांना एसक्यूएल ही डेटाबेसची प्रचलित क्वेरी भाषा लिहिता येत असते. डेटाबेसचे इंजिन ते वाचते कसे, याचा विचार मात्र सहसा झालेला नसतो.

संगणकाला हात लावण्यापूर्वी मी त्यांना एक अट कागदावर देतो : मासा = 'बांगडा' ऑर मासा = 'इसवण' अँड दर < 600. डावीकडून वाचत गेल्यास वृक्षाच्या मुळाशी अँड ठेवावासा वाटतो. परंतु एसक्यूएलमध्ये अँडला ऑरपेक्षा अग्रक्रम असल्यामुळे मुळाशी ऑर येतो आणि दराची मर्यादा केवळ इसवणाला लागते. बांगडा कोणत्याही दराचा निवडला जातो. कंस घातल्यास वृक्षाचा आकार बदलतो, पण खुद्द कंसांना वृक्षात जागा नसते, कारण त्यांचे काम त्या आकारातच उतरलेले असते.

मजकुराचे टोकनांत, म्हणजे शब्द, आकडे, चिन्हे अशा सुट्या घटकांत, तुकडे करण्याचा टप्पा सोपा आहे. त्यात फार वेळ घालवू नये. खरा कस व्याकरण, म्हणजे टोकनांच्या मांडणीचे नियम, लिहिताना लागतो. ऑर, अँड, नॉट, तुलना आणि अंकगणित अशा पायऱ्या पाडून प्रत्येकीसाठी एक फंक्शन लिहावे आणि त्याने आपल्याहून वरच्या अग्रक्रमाच्या फंक्शनला हाक मारावी. 'अट म्हणजे अट, ऑर, अट' असा नियम जसाच्या तसा उतरवला, तर फंक्शन एकही टोकन न वाचता स्वतःलाच बोलावत राहते आणि स्टॅक (अपूर्ण फंक्शनांची नोंद ठेवणारी स्मृती) भरून जातो. त्याऐवजी लूप वापरावा, मात्र वृक्ष डावीकडून वाढवावा. अन्यथा 10 - 4 - 3 चे उत्तर 3 ऐवजी 9 येईल.

मला सर्वांत रंजक वाटते ते दोन मर्यादांमधले मूल्य तपासणारे बिटवीन. 'दर बिटवीन 200 अँड 400 अँड बाजार = 'म्हापसा'' या अटीत पहिला अँड बिटवीनचा आहे, तर दुसरा दोन अटी जोडणारा. त्यामुळे बिटवीननंतर संपूर्ण अट वाचणारे फंक्शन न बोलावता थेट अंकगणिताच्या पायरीवर जावे लागते. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसच्या व्याकरणातही यासाठी मर्यादित पदावलीचा वेगळा नियम आहे.

व्याकरणावरून पार्सर तयार करून देणारी साधनेही असतात : पोस्टग्रेएसक्यूएल बायसन वापरते, तर एसक्यूलाइट हा डेटाबेस लेमन. ही साधने उत्तम आहेत, तरी पहिला पार्सर हाताने लिहावा असे माझे ठाम मत आहे, कारण साधनाने दाखवलेला व्याकरणातील संघर्ष (एकाच ठिकाणी दोन नियम लागू पडणे) त्यानंतरच नीट उमगतो.

प्रत्येक टोकनाचे स्थान नोंदवून ठेवावे. आपल्याकडे क्वेरीत देवनागरी नावे असतात आणि यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत 'पेडणे' हा शब्द 15 बाइट व्यापतो. बाइट मोजून चूक कुठे आहे हे दाखवणारी खूण छापली, तर ती स्क्रीनवर भलतीकडेच सरकते.

चाचणीसाठी तयार वृक्ष सर्व कंसांसह पुन्हा मजकुरात छापावा आणि तो मजकूर पार्सरला द्यावा. स्थाने वगळता दोन्ही वृक्ष तंतोतंत जुळले नाहीत, तर छापणारे फंक्शन तरी चुकले असते किंवा वाचणारे तरी.