सर्व्हरवर मराठी पीडीएफ बनवायची तर आधी फॉन्ट बघा

लातूर-नांदेडकडं क्लासवाले रिझल्टची पीडीएफ करून पालकांच्या व्हॉट्सॲपवर टाकायलेत, मोंढ्यात आडतीवर शेतकरी सोयाबीनची हिशोबपट्टी पण मोबाईलवरच मागायलेत, आणि एवढ्या फाइली हातानं कोण बनवत बसणार, म्हणून काम सर्व्हरवर जातं. तिथं पहिला फटका मराठीला बसतो. लॅपटॉपवर झकास दिसणारी पट्टी सर्व्हरवरनं आली की नुसते चौकोन.

चौकोन म्हणजे फॉन्टच नाही. नव्या लिनक्स सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट बऱ्याचदा नसतो, तर नोटो नाहीतर लोहित या फॉन्टचं पॅकेज टाका, फॉन्टची यादी ताजी करणारी एफसी-कॅश (fc-cache) कमांड चालवा आणि यादी दाखवणाऱ्या एफसी-लिस्टला (fc-list) मराठी भाषेचा कोड देऊन फॉन्ट दिसतोय का बघा. डॉकर, म्हणजे प्रोग्रॅम सगळ्या सामानासकट वेगळ्या डब्यात चालवायची सोय, वापरत असाल तर हे सगळं इमेजच्या, म्हणजे त्या डब्याच्या साच्याच्या, आत करायचं, बाहेरच्या मशीनवर टाकून काही फरक पडत नाही.

फॉन्ट असूनही 'कि'ची वेलांटी क च्या मागं जाऊन बसली, नाहीतर 'शेतकऱ्यांची' मधला ऱ्य फुटला, तर घोळ टूलचा आहे. देवनागरीत अक्षरं टाइप केली त्या क्रमानं नुसती मांडून भागत नाही, वेलांटी आधी काढायची, जोडाक्षर जुळवायचं, हे शेपिंग टूललाच जमावं लागतं. एफपीडीएफ या पीएचपीच्या पीडीएफ लायब्ररीला ते जमत नाही. पीएचपीतच राहायचं असलं तर एमपीडीएफ बघा, पायथनवाल्यांनी वीझीप्रिंट, ते पँगो ही शेपिंग करणारी लायब्ररी वापरतं म्हणून मराठी नीट येते. काहीही निवडा पण आधी 'किल्लारीच्या शेतकऱ्यांची हिशोबपट्टी, श्रीक्षेत्र तुळजापूर' एवढी एक ओळ छापून बघा, वेलांटी, ऱ्य, श्री, क्ष सगळं त्यात तपासून होतं.

वेबपेजची पीडीएफ काढायला माझं मत सरळ आहे, हेडलेस क्रोम, म्हणजे खिडकी न उघडता चालणारा क्रोम घ्या आणि पपेटिअर या लायब्ररीनं चालवा. जुन्या लेखांत अजून डब्ल्यूके-एचटीएमएल-टू-पीडीएफ (wkhtmltopdf) हे टूल सुचवतात, पण त्याचं इंजिन फार जुनं, सीएसएस ग्रिड ही पानाची नवी मांडणी त्याला कळत नाही आणि प्रोजेक्ट 2023 मध्ये आर्काइव्ह झालाय, म्हणजे काम बंद, नव्या कामाला ते नकोच. क्रोममध्ये हेडलेस 2017 पासून, म्हणजे 59 व्या व्हर्जनपासून आहे. बॅकग्राउंडचे रंग मुद्दाम चालू करावे लागतात, नाहीतर हेडरची पट्टी पांढरी येते. फॉन्ट वेबवरनं लोड होत असेल तर तो येईपर्यंत थांबा, मगच पीडीएफ काढा. कागद ए-फोर आणि मार्जिन सीएसएसच्या पेज नियमात द्या. लांब टेबलचं हेडिंग टी-हेड (thead) टॅगमध्ये ठेवलं की प्रत्येक पानावर आपोआप येतं, आणि रो मध्येच तुटू नये म्हणून ब्रेक-इनसाइडला अव्हॉइड लावा. डॉकरमध्ये क्रोम मध्येच मरत असेल तर शेअर्ड मेमरी, म्हणजे प्रोसेसनी आपसात वाटून वापरायची मेमरी बघा, डीफॉल्ट 64 एमबीच असते.

वर्ड-एक्सेलच्या फाइलींना लिब्रेऑफिस हेडलेस मोडमध्ये पुरतं, कन्व्हर्ट-टू पीडीएफ आणि आउटपुटचा फोल्डर दिला की झालं. मात्र एकाच प्रोफाइलवर, म्हणजे लिब्रेऑफिसच्या सेटिंगच्या एकाच फोल्डरवर, दोन कामं एकदम सोडली की दुसरं फेल जातं, म्हणून प्रत्येक कामाला वेगळा प्रोफाइल फोल्डर द्या नाहीतर रांगेत एकेक सोडा. टाइमआउट पण लावाच, एखादी खराब फाइल आली की प्रोसेस तशीच लटकून राहते आणि मागची सगळी पोरं रिझल्टची वाट बघत बसतात.

जुन्या ऑफिसांतल्या फाइली श्रीलिपी नाहीतर कृतीदेव अशा युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये असतात. त्यात मराठी दिसते खरी पण आत इंग्रजी कीबोर्डचेच कोड असतात, त्यामुळं नोटो टाकून काहीच होत नाही. एक तर तोच फॉन्ट लायसन्ससकट सर्व्हरवर टाका, नाहीतर मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. मी दुसरं करायला सांगेन, त्याशिवाय त्या पीडीएफमध्ये गावाचं नाव टाकून सर्च होणार नाही.

आणि बाहेरच्या माणसाला कुठलीही लिंक देऊन पीडीएफ काढू देणार असाल तर लिंक तपासल्याशिवाय क्रोमला देऊ नका. फाइल-कोलननं (file:) सुरू होणारा पत्ता दिला की सर्व्हरवरची फाइल छापून बाहेर जाऊ शकते, लोकलहोस्ट आणि आतल्या नेटवर्कचे पत्ते तसेच, आणि क्लाउडवर असाल तर 169.254.169.254 हा सर्व्हरची माहिती देणारा क्लाउडचा आतला पत्ता पण बंद करा, तिथनं सर्व्हरच्या चाव्या निघू शकतात. रिडायरेक्ट होऊन आलेला पत्ता पण परत तपासायचा, कारण पहिली लिंक साधी दिसती आणि दुसरीच आत शिरती.