मॉडिंग कम्युनिटी अर्ध्यावर का थांबते? या चुका टाळा

डूम हा गेम डिसेंबर १९९३ मध्ये आला आणि त्याच्यासाठी नवे नकाशे आजही बनतात. त्याच्यानंतर आलेल्या, दिसायला कितीतरी सरस अशा अनेक गेम्सचे मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनी गेममध्ये केलेले बदल आणि भर, मात्र दोन-तीन वर्षांत बंद पडले. डूममध्ये नकाशे, चित्रं, आवाज हे सगळं मूळ प्रोग्रॅमपासून वेगळ्या वॅड फाइलमध्ये ठेवलेलं होतं. १९९७ मध्ये इंजिनचा, म्हणजे गेम चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचा, सोर्स कोडही खुला झाला. त्यामुळे एकजण थकला की दुसऱ्याला तिथूनच पुढे जाता आलं. खाली लिहिलेल्या जवळपास सगळ्या चुकांची मुळं इथेच आहेत: मूळ माणूस उद्या निघून गेला, तर काम दुसऱ्या कुणाला उचलता येईल का, याचा विचार झालेला नसतो.

परवानगीबद्दल काहीच न लिहिणं

माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने झालं आहे. मॉडसोबत लायसन्स नसेल, तर कॉपीराइटनुसार सगळे हक्क बनवणाऱ्याकडेच राहतात. वर्षभराने तो गायब होतो, गेमचं अपडेट येतं, दुरुस्ती दोन ओळींची असते आणि ती करता येणारे पाचजण हजर असतात. पण दुरुस्त केलेला मॉड पुन्हा टाकायचा हक्क त्यांच्यापैकी कुणालाच नसतो.

उपाय पाच मिनिटांचा आहे. कोडसाठी एमआयटी किंवा जीपीएल यांसारखं खुलं लायसन्स, चित्रं आणि मॉडेलसाठी एखादं क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्स निवडा. एवढं मोकळं सोडायचं नसेल, तर रीडमी या मॉडसोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये निदान इतकं लिहा: ‘सहा महिने माझ्याकडून उत्तर आलं नाही, तर हा मॉड कुणीही दुरुस्त करून टाकावा.’ दुसऱ्यांच्या वस्तू वापरल्या असतील, तर कुठली कुणाची आणि कोणत्या अटीवर घेतली, याची नोंद त्याच दिवशी करा.

मॉडर आधीच गायब असेल तर? जिथे जिथे तो सापडू शकतो तिथे लिहून विचारा आणि वाट पाहा. उत्तर नाहीच आलं, तर त्याच्या फाइल्स पुन्हा न वाटता फक्त स्वतःचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा तुकडा, द्या. मूळ मॉड ज्याचा त्याने डाउनलोड करायचा, वर तुमचा पॅच बसवायचा. हे काम किचकट आहे, पण त्यात कुणाचा हक्क मोडत नाही.

मूळ गेमच्या फाइल्स मॉडमध्ये मिसळू नका. माइनक्राफ्टच्या बुक्कीट या सर्व्हर सॉफ्टवेअरचं २०१४ मध्ये काय झालं ते आठवा. खुल्या लायसन्सचा कोड आणि माइनक्राफ्ट बनवणाऱ्या मोजांगचा बंद कोड तिथे एकत्र वाटला जात होता. एका योगदानकर्त्याने कॉपीराइटची नोटीस दिली आणि डाउनलोड बंद झाले. त्यानंतर स्पिगॉट या तशाच सर्व्हर प्रकल्पाने अशी सोय केली की सर्व्हरची फाइल वापरणाऱ्याच्याच कॉम्प्युटरवर तयार व्हावी.

गेम आपोआप अपडेट होऊ देणं

स्क्रिप्ट एक्स्टेंडरवर (मॉडना जास्तीच्या सोयी देणाऱ्या जोड-प्रोग्रॅमवर) चालणारे मॉड गेमच्या मुख्य फाइलमधल्या ठरावीक पत्त्यांवर, म्हणजे कोड नेमका कुठे आहे त्या जागांवर, अवलंबून असतात. फाइल नव्याने तयार झाली की ते पत्ते सरकतात. गेममध्ये तुम्हाला दिसण्यासारखं काही बदललेलं नसलं, तरी मॉड कोसळतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये स्कायरिमच्या बाबतीत हेच झालं. एप्रिल २०२४ मध्ये फॉलआउट ४ चं मोठं अपडेट आलं, त्यामुळे फॉलआउट लंडन हा प्रचंड मॉड पुढे ढकलावा लागला आणि तो जुलैमध्ये बाहेर पडला.

खेळणाऱ्यांनी चालू आवृत्तीची मुख्य फाइल वेगळी जपून ठेवावी. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात ‘गेम सुरू करतानाच अपडेट’ हा पर्याय निवडून गेम एक्स्टेंडरमधूनच सुरू करावा. मॉडरांनी पत्ते थेट कोडमध्ये लिहू नयेत. स्कायरिमसाठी प्रत्येक आवृत्तीतले पत्ते शोधून देणारी अॅड्रेस लायब्ररी आहे, ती वापरावी.

तरीही गेम कोसळला, तर सगळे मॉड एकदम काढायची घाई नको. आधी लॉग (गेम चालताना काय काय झालं त्याची नोंद) उघडा, शेवटी कोणत्या फाइलचं नाव आलंय ते पाहा. लॉगमधून काही कळलं नाही, तर नवा गेम सुरू करून निम्मे मॉड बंद ठेवा, मग उरलेल्यांतले निम्मे. असं केलं की शंभर मॉडमधला दोषी सात-आठ फेऱ्यांत सापडतो. फक्त एकमेकांवर अवलंबून असलेले मॉड जोडीनेच बंद-चालू करा. आणि स्क्रिप्टवाला मॉड चालू सेव्हमधून (जतन केलेल्या खेळातून) मध्येच काढू नका. त्याचे अवशेष सेव्हमध्ये राहतात आणि बिघाड कित्येक तासांनी वर येतो.

एकाच ठिकाणी ठेवून निर्धास्त राहणं

गेमफ्रंट ही मॉड डाउनलोड करायची साइट एप्रिल २०१६ च्या अखेरीस बंद झाली, तेव्हा जुन्या मॉडच्या असंख्य लिंक एका दिवसात मेल्या. २०१७ मध्ये फोटोबकेट या चित्रं ठेवायच्या साइटने फुकट खात्यांतली चित्रं बाहेरच्या पानांवर दाखवणं थांबवलं आणि ‘खालच्या चित्रात दाखवल्याप्रमाणे करा’ असं सांगणारी मार्गदर्शनं आंधळी झाली. आता हाच धोका डिस्कॉर्ड या गप्पांच्या अॅपवर आहे. उत्तरं तिथेच असतात, पण सर्च इंजिनला दिसत नाहीत आणि सर्व्हर मिटला की सगळं जातं. वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं मॉडच्या फाइलमध्येच द्या.

फक्त तयार मॉड जपून भागत नाही, हे मी एका बंद पडलेल्या प्रकल्पात शिकलो. आमच्या हाती हाफ-लाइफ २ या गेमचे कंपाइल झालेले, म्हणजे गेममध्ये चालणारे तयार, बीएसपी नकाशे होते, ज्यांत बदल करता येतो त्या एडिटरच्या व्हीएमएफ फाइल्स मात्र एकाच्याच हार्ड डिस्कवर होत्या. ती डिस्क गेली. बीएसपी उलगडता येतो, पण मांडणी बिघडते. एका दरवाजाची जागा बदलायला आम्हाला अख्खी खोली नव्याने बांधावी लागली.

याच संदर्भात नेक्सस मॉड्स या मॉडच्या मोठ्या साइटचा २०२१ चा निर्णय आठवतो. मॉडरांना आपल्या फाइल्स कायमच्या पुसता येणार नाहीत, त्या संग्रहात राहतील, असं ठरलं. अनेक मॉडर दुखावले, काहींनी दिलेल्या मुदतीत आपलं काम काढून घेतलं. त्यांचं दुःख मला खरं वाटतं, आपल्या कामावरचा ताबा कुणालाही सोडवत नाही. तरीही एका मॉडवर दुसरे दहा उभे असतात, म्हणून फाइल टिकावी याच बाजूने मी आहे.

नवख्याला थेट खोल पाण्यात सोडणं

टॅमरिएल रीबिल्ट हा मॉरोविंड या गेमचा मॉड प्रकल्प गेम येण्याच्याही आधी, २००१ मध्ये, सुरू झाला आणि आजही एकेक प्रदेश प्रसिद्ध करतो. तिथे काम लहान तुकड्यांत वाटलेलं असतं. नवखा आधी नमुना बनवून दाखवतो, मग त्याला एखादी खोली किंवा घर मिळतं आणि झालेलं काम दुसरा तपासतो. कुणी मध्येच सोडून गेलं, तरी अडतो तो एक तुकडा. याउलट ‘पूर्ण झाल्यावरच दाखवू’ म्हणणारे प्रकल्प मी अर्ध्यावर मोडताना पाहिले आहेत, कारण दाखवायला काही नसलं की नवे हातही येत नाहीत.

‘अपडेट कधी?’ असं रोज विचारणाऱ्यांना आवरायचं काम मॉडरवर टाकू नका, त्यासाठी दुसरी दोन माणसं नेमा.

शेवटी चाव्यांची व्यवस्था. प्रकल्पाच्या खात्यांचे अधिकार किमान तिघांकडे असू द्या आणि प्रत्येकाचं दुहेरी लॉगिन (पासवर्डसोबत आणखी एक पडताळणी) चालू ठेवा. जून २०२३ मध्ये कर्सफोर्ज या मॉडच्या साइटवर फ्रॅक्चरायझर नावाचा मालवेअर माइनक्राफ्टच्या मॉडमधून पसरला, त्यात मॉडरांची ताब्यात घेतलेली खातीही वापरली गेली होती. डोमेनचे (प्रकल्पाच्या वेबसाइटच्या नावाचे) पैसे कुणाच्या कार्डावरून जातात आणि डोमेनची मुदत कधी संपते, हे आजच विचारून लिहून ठेवा.