रोबोटिक प्रोस्टेट शस्त्रक्रियेनंतर पायांकडे लक्ष

मुंबईत शस्त्रक्रिया करून रत्नागिरी-सिंधुदुर्गात घरी परतलं की पोटावरचे टाके सगळे जपतात, पाय मात्र विसरतात. पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका घरी आल्यावरही काही आठवडे राहतो.

पोटरी रोज सकाळी मोजा. शिंप्याची टेप घ्या. गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा उंचवटा हाताला लागतो, त्याच्या 10 सेंटिमीटर खाली पेनाने खूण करा आणि दोन्ही पाय तिथेच मोजा. फरक 3 सेंटिमीटरपेक्षा जास्त आला किंवा एकच पाय गरम, दुखरा झाला, तर त्याच दिवशी डॉपलर सोनोग्राफी (शिरेतला रक्तप्रवाह दाखवणारी तपासणी) करा. खोबरेल तेलाने चोळायची सवय घरोघरी आहे, पण इथे मालिश नकोच. गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. अचानक दम लागला, छातीत दुखलं तर थेट 108.

हेपरिनची (रक्ताची गुठळी होऊ न देणारी) इंजेक्शनं 28 दिवसांची लिहून दिली असतील तर बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका. लघवीच्या पिशवीचा पट्टा पायाला करकचून बांधू नका.

लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) काढल्या असतील तर कधीकधी ओटीपोटात द्रव साठून शिरेवर दाब येतो आणि पाय सुजतो. हे काही आठवड्यांनीही होतं. मांडी आतल्या बाजूने बधिर झाली, पाय जवळ घेताना जोर लागेना, तर मज्जातंतूला (नर्व्हला) इजा असू शकते, सर्जनला कळवा.

परतीला कोकण रेल्वे बरी, डब्यात चालता येतं. गाडीने आलात तर दर तासाला उतरून पाच मिनिटं चाला.