उतारावर दुसरा गिअर म्हणजे दुसराच: जुनी डिझेल कॅम्पर घाटात नेताना

आमची गाडी 2003 सालची ट्रॅव्हलर. आधी शाळेची मुलं नेत होती, आता आत दोन बिछाने, शेगडी आणि 80 लिटरची पाण्याची टाकी आहे. सगळं भरल्यावर वजन साडेतीन टनांच्या आसपास जातं. हे अंदाजाने सांगत नाही, वजनकाट्यावर घालून पाहिलंय. तुमचीही एकदा घाला, दचकाल. गाडी मी चालवते. हे शेजारी बसून वळणावर हॉर्नची आठवण करून देतात आणि थांबलो की चाकामागे लाकडी ठोकळे लावायला उतरतात.

जुनी डिझेल गाडी घेऊन कॅम्पर करून घेणारे हमखास विचारतात, "ताई, घाट चढेल का?" चढते हो. रडतखडत का होईना, चढते. उतरेल का, ते विचारा.

महाबळेश्वर 1353 मीटरवर. तिथून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरलं की आपण बाराशे मीटरहून जास्त खाली येतो. आमच्या वजनाची गाडी एवढं उतरताना जी ऊर्जा सोडते, तिच्यात जवळजवळ दीडशे लिटर नळाच्या पाण्याला उकळी फुटेल. आयुष्यभर गणित शिकवलं, त्यामुळे हा हिशेब केल्याशिवाय राहवलं नाही. त्यातली थोडी वाऱ्यात आणि टायरांत जिरते. बाकीची इंजिनाच्या गळ्यात घालायची की ब्रेकच्या, एवढंच आपल्या हातात असतं.

पहिल्या वर्षी मी ती ब्रेकच्या गळ्यात घातली. तिसऱ्या गिअरमध्ये, पाय हलकासा ब्रेकवर ठेवून, फार सांभाळून चालवतेय असं समजत उतरत होते. वाटेतल्या कुंभरोशी गावाच्या अलीकडे जळक्या लायनरचा, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या पट्टीचा, वास आला. हे म्हणाले, "पुढच्या ट्रकचा असेल." पुढे ट्रक नव्हता. पुढच्या वळणाला पेडल दाबलं तर लोण्यात पाय घातल्यासारखं खाली गेलं. भराभर पंप मारले, दुसरा टाकला, इंजिन किंचाळलं आणि डोंगराच्या बाजूला रुंद जागा होती तिथे गाडी थांबली. पाऊण तास आम्ही दोघं काही न बोलता बसून होतो.

नंतर कळलं, ब्रेक ऑईल कित्येक वर्षांचं होतं. बदलल्याचे पैसे मात्र एका गॅरेजने आमच्याकडून घेतले होते. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा ओढतं. डॉट 3 ऑईल नवं असताना निदान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा भरलेलं 140 लाच उकळू शकतं. नळीत वाफेचे बुडबुडे झाले की पेडल त्यांनाच दाबत बसतं, चाकापर्यंत जोर पोचत नाही. आता दर दोन वर्षांनी मी स्वतः शेजारी उभी राहून ऑईल बदलून घेते. जुनं ऑईल काळं चहासारखं निघतं, नवं पातळ मधासारखं दिसतं.

तर उतरायची रीत. गिअर उतार सुरू व्हायच्या आधी, सपाटीवरच टाका. एकदा गाडीने वेग धरला की जुन्या गिअरबॉक्सला खालचा गिअर घ्यायला लावणं म्हणजे हट्टी मुलाला औषध पाजणं. चढायला जो गिअर लागला असता तो, आणि शंका असेल तर त्याच्याही खालचा. आमच्याकडे घाटात बहुतेक दुसरा. डिझेल इंजिन पेट्रोलइतकं गाडीला धरून ठेवत नाही, म्हणून खालच्या गिअरवाचून गत्यंतर नाही. आवाज चढला की घाबरू नका, पण किंकाळीपर्यंत जाऊ देऊ नका. डिझेल पंपाचा गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग आवरणारा भाग, फक्त डिझेल तोडतो, चाकांनी इंजिन फिरवलं तर त्याचं काही चालत नाही. आवाज त्या पट्टीला पोचला की ब्रेक ठाम दाबा, वेग चांगला दहा-पंधराने खाली आणा आणि पाय पूर्ण उचला. पूर्ण. त्या उचललेल्या वेळातच ड्रमला, म्हणजे चाकातल्या ब्रेकच्या डब्याला, वारा लागतो.

न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे महाभाग अजून आहेत. वाचत काहीच नाही, गिअरमध्ये उतरताना गव्हर्नर तसंही डिझेल तोडतो. त्यात कुणी इंजिन बंद केलं तर संपलंच. पायाचा जोर वाढवणाऱ्या ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम इंजिन चालू असतानाच तयार होतो, आमच्या गाडीत तो तयार करणारा पंप ऑल्टरनेटरच्या मागे आहे. इंजिन बंद झालं की एक-दोनदा ब्रेक नेहमीसारखा लागतो, मग पेडल दगड होतं.

वास आलाच तर थांबा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडा जातो. हॅण्डब्रेकही करकचून ओढू नका. गिअरमध्ये ठेवा, ठोकळे लावा, चहा करा. शेगडी आहे ना आपल्याकडे.

चढाचं थोडक्यात. इंजिनाच्या तापमानाच्या काट्यावर डोळा ठेवा. गाडी गुदमरायच्या आधी गिअर उतरवा, कमी वेगात वरच्या गिअरला जोर लावला की इंजिन जास्त तापतं. काटा चढायला लागला तर हीटर पूर्ण गरम करून पंखा जोरात लावा, तो म्हणजे एक छोटा जादा रेडिएटरच. मे महिन्यात कुंभार्ली घाट आम्ही असा चढलोय, खिडक्या उघड्या, पायांवर भट्टीचा वारा आणि यांच्या मांडीवर ओला टॉवेल. काटा मात्र परत खाली आला. थांबावं लागलं तर इंजिन लगेच बंद करू नका, दोन-तीन मिनिटं पंख्यासकट चालू द्या. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, हे सांगायची गरज नसावी, तरी सांगते.

टाकीत डिझेल पाव भागाखाली नको. तीव्र चढावर ते मागे जातं, नळी हवा ओढते आणि गाडी नेमकी वळणात बंद पडते. मग फिल्टरवरचा हातपंप मारून हवा काढत बसायची. पाण्याची टाकी मात्र घाटाआधी रिकामी करते. 80 किलो कशाला वर चढवायचे, खाली कोकणात पाणी मिळतंच.

अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, नियमही तोच आहे. आणि हेअरपिनला मागचा लांब भाग बाहेर फिरतो, कठड्याजवळून वळताना आरसा बघा. सरावाला वाई ते पाचगणीचा पसरणी घाट घ्या, सकाळी लवकर, एसटीच्या मागे. तिचा ड्रायव्हर कुठे गिअर उतरवतो ते कान देऊन ऐका.

घाट उतरल्यावर मी चारही चाकांजवळ हाताची पालथी बाजू नेते. स्पर्श नाही करायचा, जवळ धरायचा. पुढची दोन सारखी, मागची दोन सारखी लागली पाहिजेत. एखादंच जास्त तापलेलं असेल तर तिथला ब्रेक अडकतोय. गेल्या वेळी करूळ घाट उतरून वैभववाडीला थांबलो तेव्हा मागचं डावं तसं लागलं. दिवाळीच्या आधी त्याच्या ब्रेकच्या सिलिंडरचं किट टाकून घ्यायचंय.